फुंकर शिकवताना

२ ऑगस्ट २०१९ रोजी, शुक्रवारी, मी तिसरीच्या मुलांना जे सांगितले ते आजही मला जसेच्या तसे आठवते. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठावरच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षिका आहे. त्या आठवड्यात पाऊस उघडीप देत नव्हता, नदीचे पाणी मळीच्या रानात शिरले होते आणि परिपाठ आटोपून वर्गात बसलेली मुले पाढे म्हणता म्हणता खिडकीकडे पाहत होती. एका मुलीने उभे राहून विचारले, की पाणी शाळेपर्यंत येईल का. मी म्हणाले, "२००५ च्या पुरातसुद्धा शाळेत पाणी आले नव्हते, आताही येणार नाही. घाबरायचे काही कारण नाही." मी जाणूनबुजून खोटे बोलत नव्हते, गावातली जाणती माणसेही तेच सांगत होती. सोमवारी नागपंचमी होती आणि त्या दिवशी गावातून बाहेर पडणारा रस्ता पाण्याखाली गेला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. त्या आठवड्यात तिथे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. आमच्या वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कडेला गाळाची रेघ उमटली.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात शाळा पुन्हा भरली. गाळ उपसून झाला होता, फरशी फिनेलने चार वेळा धुतली होती, तरी कुबट वास जात नव्हता. मुले आनंदाने आली. नव्या वह्या, नवी दप्तरे मिळाल्यामुळे दोन दिवस उत्साहात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी सर आली आणि व्हरांड्याच्या पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू होताच वर्गाचा चेहरा बदलला. एका मुलाने अर्ध्या तासात चार वेळा लघवीला जाण्याची परवानगी मागितली. एक मुलगा दप्तर बगलेत धरून बसला आणि लिहितानाही त्याने ते खाली ठेवले नाही. एक मुलगी रोज चपला दाराशी काढायची. त्या दिवशी तिने त्या पायातच ठेवल्या, कारण पळावे लागले तर चपला शोधण्यात वेळ जाईल असे तिला वाटत होते. मी नेहमीच्या सवयीने म्हणाले, की घाबरू नका, काही होत नाही. तेव्हा २ ऑगस्टला प्रश्न विचारणारी तीच मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी तर म्हणला हुता शाळंपातूर पाणी येत न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने फक्त आठवण करून दिली होती. माझ्याकडे उत्तर नव्हते आणि त्या दिवशी मी तिला उत्तर दिलेही नाही. पुढे जे काही शिकले आणि शिकवले, त्याची सुरुवात मी त्या वाक्यापासून धरते.

पहिले काही प्रयत्न साफ चुकले. ते इथे सविस्तर लिहिते, कारण इतर शिक्षक आणि पालक नेमकी हीच चूक करताना मला दिसतात. पाऊस सुरू झाला आणि मुले अस्वस्थ झाली की मी त्यांना डोळे मिटायला आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगत असे. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायची त्यांना सवय होती, त्यामुळे यात काही वावगे असेल असे मला वाटले नाही. डोळे मिटल्यावर दप्तरवाला मुलगा हुंदके देऊन रडू लागला. डोळे मिटले की त्याला पाणीच दिसत होते. बाकीच्यांनी दीर्घ श्वास म्हणजे जोरात श्वास असा अर्थ घेतला, खांदे उचलून भराभर हवा आत ओढली, आणि एका मुलीला चक्कर आल्यासारखे झाले. मी घाबरले आणि तो प्रकार तिथेच बंद केला. आठवडाभर मी या विषयाचे नावही काढले नाही.

त्या काळात पूरग्रस्त गावांतील शाळांमध्ये मुलांशी बोलण्यासाठी काही समुपदेशक येत होत्या. आमच्याकडे आलेल्या बाईंनी मुलांशी तासभर खेळ घेतले आणि नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून मला बराच वेळ समजावून सांगितले. भीती वाटली की मेंदूतून शरीराला धोक्याची सूचना जाते, ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि पचनाचे काम मंदावते. म्हणूनच मुलांच्या पोटात गोळा येतो. ही यंत्रणा आपल्याला वाचवण्यासाठीच आहे. ती बंद करायची नसते, ती खाली उतरवता येते. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि बाहेर सोडताना किंचित कमी होते. शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे ते काम आहे. म्हणून मुलांना मोठा श्वास घ्यायला सांगण्यापेक्षा सावकाश श्वास सोडायला शिकवावे, डोळे उघडे ठेवू द्यावेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सगळे मूल शांत असताना शिकवावे. पोहायला शिकवायचे असेल तर आपण मुलाला पुरात नेत नाही, उन्हाळ्यात विहिरीवर नेतो, असे त्या म्हणाल्या. आमच्या गावातल्या माणसाला याहून अधिक सांगायची गरज नसते.

प्रश्न उरला तो शब्दांचा. "श्वास सावकाश सोडा" या सूचनेतून आठ वर्षांच्या मुलाला काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवस मी मुलांच्या रोजच्या आयुष्यात सावकाश श्वास सोडण्याचा प्रसंग शोधत होते. वाढदिवसाची मेणबत्ती सगळ्यांच्या घरी नसते, आणि मेणबत्तीवर मुले जोरात फुंकतात. चुलीत फुंकणीने घातलेली फुंकरही जोराची. मग बशी आठवली. आमच्याकडे आजही घरोघरी चहा किंवा दूध बशीत ओतून, फुंकर घालून पितात, आणि गरम दूध सांडू नये म्हणून ती फुंकर आपोआप हळू आणि लांब होते. दुसऱ्या दिवशी मी मुलांना दोन्ही हातांची ओंजळ बशीसारखी धरायला सांगितली. नाकाने तीन आकड्यांपर्यंत श्वास आत घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून पाच-सहा आकड्यांपर्यंत फुंकर घालायची. साय हलली पाहिजे, दूध सांडता कामा नये. जोरात फुंकले की शेजारचा म्हणायचा, "सांडलं!" आणि पुन्हा सुरुवात. मुले हसली. एवढ्या दिवसांत पावसाळी हवेत वर्ग प्रथमच मोकळेपणाने हसला होता. रोज परिपाठानंतर पाच फुंकरा, एवढाच नियम ठेवला. पाऊस असो वा नसो, पाचच. मुलांनी त्या प्रकाराला "बशीची फुंकर" असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले.

दुसरे काम भावनांना नावे देण्याचे होते, आणि यात मला मुलांकडून फार शिकायला मिळाले. ताण हा शब्द त्यांना ठाऊक होता तो तारेला दिलेल्या ताणापुरता. "तुम्हाला कसला ताण आहे?" या प्रश्नावर वर्ग गप्प बसे. मी जुनी वर्तमानपत्रे चिकटवून एका मुलाला त्यावर आडवे झोपवले, खडूने त्याच्या शरीराची बाह्यरेषा काढली, आणि पाऊस वाढला की तुम्हाला कुठे काय होते ते रंगाने भरा असे सांगितले. पोटाचा भाग काही मिनिटांत काळानिळा झाला. छाती, घसा, पायांचे तळवे, सगळीकडे रंग भरला गेला. एकाने कानात लाल रंग भरला होता, कारण रात्री पाण्याचा आवाज त्याच्या कानातून जात नव्हता. मग मी विचारले, की याला तुमच्या घरी काय म्हणतात. आजी काय म्हणते, आई काय म्हणते? दुसऱ्या दिवशी मुले शब्द घेऊन आली: धडकी, धाकधूक, धास्ती, घालमेल, जिवाला घोर, काळजात कालवाकालव, जीव टांगणीला लागणे, पोटात गोळा, कसनुसे होणे. फळ्यावर शब्दांची रांग लागली. आपल्या भाषेत मनाच्या या अवस्थांसाठी इतके नेमके शब्द असताना मी "ताण" या एकाच शब्दाला धरून बसले होते, याचे मला वाईट वाटले. त्यानंतर आम्ही बराच वेळ या शब्दांतला फरक शोधण्यात घालवला. धडकी एकदम भरते, तर घोर दिवसेंदिवस राहतो. धाकधूक काहीतरी व्हायच्या आधीची, आणि कालवाकालव आपल्या माणसाचे हाल पाहून होते. ज्या मुलाला आपल्याला धडकी भरली आहे की घोर लागला आहे हे सांगता येते, त्याला पुढे काय करायचे हेही निवडता येते. धडकीला फुंकर उपयोगी पडते. घोराला केवळ फुंकर पुरत नाही, तो कोणाला तरी सांगावा लागतो. हा फरक माझ्या लक्षात आला तो मुलांच्या त्या शब्दांमुळेच.

स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायामही आम्ही करत असू. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्याने शंभर वर्षांपूर्वी तो विकसित केला. आमच्या वर्गात तो "ओला टॉवेल पिळणे" या नावाने रुजला. दोन्ही मुठी पाच आकड्यांपर्यंत घट्ट पिळायच्या आणि टॉवेल दोरीवर टाकल्यासारखे हात सोडून द्यायचे. मुलग्यांना हा प्रकार फुंकरीपेक्षा आवडला. पंचेंद्रियांच्या व्यायामात मात्र मला फेरफार करावा लागला. मूळ पद्धतीत पाच दिसणाऱ्या, चार स्पर्शाच्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वासाच्या आणि एक चवीची अशा गोष्टी क्रमाने शोधायच्या असतात, म्हणजे मन आत्ताच्या जागेवर येते. आमच्या मुलांना वास शोधायला सांगितला की भिंतींत मुरलेला गाळाचा वास सापडायचा आणि तोच त्यांना पुरात परत न्यायचा. म्हणून वास आणि चव मी वगळली. पाच गोष्टी पाहायच्या, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ओळखायचे, एवढेच ठेवले. पुस्तकात लिहिलेली पद्धत आपल्या वर्गासाठी मोडायची मुभा शिक्षकाने घेतली पाहिजे असे माझे मत आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे सगळे खंडित झाले. फोनवर मी मुलांची चौकशी करत असे, पण फोन वडिलांचा आणि वडील दिवसभर रानात, त्यामुळे बोलणे जेमतेम होई. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी गाव आधीच हलले होते, जनावरेही वेळेत बाहेर काढली होती. शाळा नियमित सुरू झाल्यावर माझ्याकडे तिसरीचा जो नवा वर्ग आला, त्याने मला कोड्यात टाकले. ही मुले २०१९ मध्ये पाच-सहा वर्षांची होती, आणि त्यानंतरच्या वर्गांतली तर चार वर्षांची, तीन वर्षांची. त्यांना तो पूर धड आठवतही नव्हता. तरी पत्रा वाजला की त्यांचेही चेहरे उतरत. चौकशी केल्यावर कळले, की जून महिना लागला की घराघरांत मोठी माणसे कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचे, म्हणजे विसर्गाचे, संदेश मोठ्याने वाचतात, जुन्या पुराची चित्रफीत पुन्हा पुन्हा लावतात, आणि काहीलीत, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या कढईत, बसवून माणसे कशी बाहेर काढली त्या आठवणी रात्री जेवताना निघतात. मुलांनी भीती पाण्याकडून घेतलीच नव्हती, ती आपल्या माणसांकडून घेतली होती.

म्हणून पालकांची सभा घेतली. सभा सोपी गेली नाही. एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, नदीकाठची पोरं हायती ही, त्यास्नी भित्रं करू नका." त्यांच्या बोलण्यात तथ्य होते आणि मी ते मान्य केले, काठावरच्या माणसाला पाण्याचा धाक असावा, पण त्याने हातपाय गाळू नयेत. मी एवढीच विनंती केली, की पुराच्या चित्रफिती मुलांसमोर लावू नयेत, विसर्गाची बातमी दिवसातून ठरावीक वेळी एकदा ऐकावी, आणि मुलाने विचारले तर "गप बस, काही होत नाही" असे न म्हणता आपण काय ठरवले आहे ते सांगावे. पाणी अमुक पायरीला लागले की आपण जनावरे हलवणार, तमुक पायरीला लागले की मामाच्या गावी जाणार, आजीला ट्रॅक्टरमधून नेणार, हे मुलाला माहीत असले की त्याची अर्धी धास्ती कमी होते. सभेला आलेल्या दोन आज्यांनी माझी बाजू उचलून धरली, आणि त्यांच्यामुळेच बाकीचे ऐकायला तयार झाले.

वर्गात २०२२ च्या पावसाळ्यापासून काळजीचा डबा सुरू केला. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याला वर चीर पाडलेली. मनात घोळणारी काळजी चिठ्ठीवर लिहून किंवा चित्र काढून त्यात टाकायची, नाव लिहिण्याची सक्ती नाही. बुधवारी आणि शनिवारी मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटे डबा उघडायचा. काळजीला ठरावीक वेळ दिली की ती इतर वेळी कमी सतावते, हा या पद्धतीमागचा विचार आहे, आणि तो बहुतेक मुलांच्या बाबतीत मला खरा ठरलेला दिसला. गणिताच्या तासाला एखाद्याने पाण्याची गोष्ट काढली की दुसराच त्याला सांगायचा, की डब्यात टाक, बुधवारी बघू.

चिठ्ठ्या वाचताना आम्ही त्यांचे दोन भाग करत असू: आपल्या हातातले आणि आपल्या हातात नसलेले. "वह्या भिजल्या तर?" ही पहिल्या भागात गेली, आणि त्याच आठवड्यात सगळ्यांनी दप्तरासाठी खताच्या रिकाम्या पिशव्या धुऊन आणल्या. "आमची म्हैस दावं तोडून पाण्यात गेली तर?" यावर चर्चा बराच वेळ चालली, म्हशीला पोहता येते हे एका मुलाने सांगितले, तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्याचा चेहरा खुलला. "पप्पा रात्री पाणी बघायला घाटावर जातात" ही चिठ्ठी कोणत्या भागात घालायची यावर एकमत होईना. वडिलांचे जाणे मुलीच्या हातात नव्हते, पण "मला भीती वाटते, एकटे जाऊ नका" हे सांगणे तिच्या हातात होते. तिने घरी सांगितले. वडील त्यानंतर शेजाऱ्याला सोबत घेऊन जाऊ लागले. पाऊस किती पडेल, धरणातून किती पाणी सुटेल, हे सारे दुसऱ्या भागात जाई. त्या चिठ्ठ्यांना आमच्याकडे उत्तर नसे, आणि ते मी मुलांना स्पष्ट सांगत असे. त्या वाचायच्या, पाच फुंकरा घालायच्या आणि डब्यात परत ठेवायच्या.

सगळ्याच चिठ्ठ्या पुराच्या नव्हत्या. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची होती, नव्या भावामुळे आई जवळ घेत नाही अशी होती. एके बुधवारी अशी चिठ्ठी निघाली, जी मी वर्गात मोठ्याने वाचली नाही. घरातल्या मारहाणीबद्दल ती होती. अक्षरावरून मूल ओळखू आले. इथे फुंकर शिकवून भागणार नव्हते. ज्या मुलाला खरोखर धोका आहे त्याला शांत राहायला शिकवणे हा अन्याय झाला असता. मी मुख्याध्यापकांना सांगितले, आम्ही १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि पुढचे काम त्या विषयातल्या माणसांनी केले. याहून अधिक मी लिहिणार नाही. मात्र त्यानंतर डबा सुरू करण्याआधी मी मुलांना एक गोष्ट सांगू लागले, की कोणी इजा करत असल्याची चिठ्ठी मी गुपित ठेवणार नाही, मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसाला सांगेन. हे आधी सांगितल्यामुळे कदाचित काही चिठ्ठ्या आल्या नसतील. तरी मुलाला न सांगता त्याचा विश्वास वापरणे मला पटत नाही.

आणखी एका मुलाच्या बाबतीत आमचे उपाय अपुरे पडले. पावसाळा संपून दिवाळी झाली तरी तो रात्री दचकून उठत होता, अंथरूण ओले करत होता, आणि वर्गात त्याने बोलणे जवळजवळ सोडले होते. काही दिवसांची भीती आणि महिन्याहून अधिक टिकणारी, झोप-भूक-बोलणे हिरावून घेणारी भीती यांत फरक करायला मला समुपदेशकांनी शिकवले होते. त्याच्या आईला सोबत घेऊन मी सरकारी रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या विभागात गेले. आईला लोक काय म्हणतील याची धास्ती होती. जाताना तिने शेजारणीला दातांच्या डॉक्टरकडे चालल्याचे सांगितले होते. पाच-सहा भेटींनंतर मुलगा बोलू लागला. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे आणि तो क्रमांक आता आमच्या वर्गाच्या दारावर १०९८ च्या शेजारी रंगवलेला आहे. ज्या आईला रुग्णालयाच्या पायऱ्या चढायला संकोच वाटतो, तिच्यासाठी हा फोन मोठा आधार आहे.

या सगळ्यात माझ्या स्वतःच्या भीतीकडे माझे लक्ष सर्वांत शेवटी गेले. २०१९ मध्ये माझ्याही घरात पाणी आले होते. आभाळ भरून आले की माझा आवाज चढतो, फळ्यावर खडू जोरात आपटतो, मी मुलांना विनाकारण रागावते, हे मला एका मुलीने सांगितले: "बाई, पाऊस आला की तुमी लई वरडता." मी तिला काय उत्तर द्यावे याचा विचार केला आणि खरे तेच सांगितले, की मलाही धडकी भरते. वर्ग थोडा वेळ शांत झाला. मग एक मुलगा म्हणाला, "मग फुंकर घाला की." मी ओंजळ धरून त्यांच्यासमोर पाच फुंकरा घातल्या, त्यांनीही घातल्या. मोठ्या माणसाने भीती लपवली की मुलांना ती दिसतेच, फक्त तिचे काय करायचे हे दिसत नाही. त्या दिवसापासून मी ते उघडपणे करू लागले.

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पाणी पुन्हा चढू लागले आणि सांगलीत ते इशारा पातळीजवळ पोहोचले. शाळेला सुट्टी जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी वर्गात २३ मुले हजर होती. परिपाठानंतर एका मुलाने तोच प्रश्न विचारला, जो मला पाच वर्षांपूर्वी विचारला गेला होता: "बाई, शाळेत पाणी येईल का?" मी त्याला म्हणाले, "मला माहीत नाही. आजच्या पातळीला येत नाही. आणखी वाढले तर येऊ शकते. तसे झाले तर आपण सगळे त्याआधीच इथून गेलेले असू, आणि वह्या वरच्या फळीवर असतील." तो खाली बसला. वर्गात धाकधूक होतीच. दोन मुली एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, एकाने टॉवेल पिळायला सुरुवात केली होती, आणि एक लहानखुरा मुलगा कोणाला न सांगता ओंजळीत फुंकर घालत होता. कोणी रडले नाही असे नाही, एक मुलगी रडली. शेजारणीने तिला दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायला लावल्या. पाणी चार दिवसांत उतरले. शाळा भरल्यावर एका आजीने रस्त्यात थांबवून सांगितले, की नात रात्रभर तिच्याकडून फुंकर घालून घेत होती आणि पहाटे दोघींनाही झोप लागली.

सगळे काही साधले असे मी म्हणणार नाही. काही मुलांना फुंकरीने काहीच होत नाही, त्यांना धावावे लागते. त्यांना मी मैदानाला दोन फेऱ्या मारू देते. मोठी सुट्टी पडली की सराव तुटतो आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून आता आम्ही परीक्षा झाल्यावर, एप्रिलच्या रखरखत्या उन्हात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना, सर्वांत जास्त सराव करतो.

यंदाच्या एप्रिलमध्ये डबा शेवटचा उघडला तेव्हा त्यात एक चिठ्ठी होती: "बाईंची बदली झाली तर?" या गावात मला बरीच वर्षे झाली आहेत आणि बदलीच्या यादीत माझे नाव कधीही येऊ शकते. मुलांनी ती हातात नसलेल्या भागात ठेवली. मी त्यांना सांगितले, की होऊ शकते, कधी ते मला माहीत नाही. थोड्या वेळाने चौथीत जाणाऱ्या एका मुलीने हात वर केला आणि चिठ्ठी उचलून दुसऱ्या बाजूला सरकवली. नव्या तिसरीला बशीची फुंकर शिकवण्याचे काम यंदा तिने आणि आणखी चौघांनी घेतले आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी त्यांनी आपसात वार वाटून घेतले आणि डब्याची किल्ली, म्हणजे त्याच्या झाकणाला बांधलेली सुतळी, माझ्याकडून मागून घेतली.